तिसरा नको

"म्हण, घ्या की पावणं."

"घ्या की पावणं," महालिंग म्हणाला. म्हणाला म्हणजे काय, ओठ हलले. समोर पाव्हणा म्हणून मीच बसलो होतो आणि मलाच ऐकू आलं नाही.

"कुणाला सांगायलास, भाकरीला?"

चुलीपुढनं वैनी हसली. महालिंगानं आमटीची बादली खाली ठेवली, टॉवेलनं कपाळ पुसलं. सकाळचे नऊ वाजले होते, पण घाम असा की दुपारच्या उन्हात हमाली करून आलाय.

"परत. आता मी नको म्हणतो. नको नको, बास. मग तू काय करायचं?"

"पळी मागं घ्यायची."

"का?"

"नको म्हणलास की."

मी ताट बाजूला सारलं. "महालिंगा, तुझं वय काय?"

"चौतीस."

"लग्नात जेवलायस कधी?"

"जेवलोय."

"मग तुला कळत कसं नाही? आपल्यात पहिला नको म्हंजे वाढा. दुसरा नको म्हंजे थोडं वाढा. तिसऱ्याला माणूस ताटावर हात आडवा धरतंय, तो खरा नको. तू पहिल्यालाच माघारी फिरतोस. माणूस अर्धपोटी उठतंय आणि भाईर जाऊन सांगतंय, त्या खानावळवाल्याचा हात आखडता हाय."

"पण माणूस सांगायलाय की नको म्हणून."

"लाजून सांगायलंय."

"सगळीच लाजून सांगत न्हाईत, तातोबा," महालिंग म्हणाला. "काहींचा पहिलाच खरा असतोय. तोंडाकडं बघितलं की कळतंय."

"मग तोंडाकडं बघू नगस. ताटाकडं बघ."

ही गोष्ट मिरजेतली, वीसेक वर्षं झाली. एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर गल्ली होती, तिथं महालिंगाची खानावळ. मी रिक्षा चालवायचो. स्टेशनावरनं पेशंटची माणसं आणायची, फाटकाशी सोडायची, आणि दुपारी याच्याकडं जेवायचं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण तोंड मोठं. त्याची शाळा दहावीपर्यंत आणि तोंड नव्हतंच म्हटलं तरी चालंल.

जेवण मात्र असं की सांगता सोय नाही. वैनीची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ, आणि महालिंगाची आमटी. आमटी तो स्वतः करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण बाहेर पाटी काय लावली होती? 'जेवण मिळेल.' एवढंच, तेही बारक्या अक्षरात. मी म्हणायचो, मिळेल म्हंजे काय रं, बघू म्हणतोस काय? समोरच्या खानावळीत दारातच एक माणूस उभा केलेला. या बसा गरम गरम, या बसा गरम गरम, दिवसभर बोंबलायचा. माणसं रस्ता ओलांडून तिकडं जायची. तिकडची आमटी मी एकदा खाल्लीय, नळाला फोडणी दिल्यावाणी.

मी महालिंगाला म्हणायचो, दारात उभा राहा की. तो म्हणायचा, "दवाखान्यातनं आलेल्या माणसाला काय हाक मारायची तातोबा, त्याचं तिथं काय चाललंय आपल्याला काय ठाऊक."

त्याच्या बाकड्यांची तोंडंसुद्धा भिंतीकडं. गिऱ्हाईक बसलं की समोर भिंत. कुणी विचारलं तर म्हणायचा, जागा वाचती. मला एकदा खरं सांगितलं. म्हणाला, ज्याचं माणूस आत पडलंय त्याला जेवताना कुणी बघितलेलं आवडत नाही, घास गिळत नाही त्याचा. पाण्याच्या टाकीपाशी त्यानं एक जास्तीचा टॉवेल टांगला होता. हात धुवायला गेलेली माणसं तिथं तोंड पण धुवायची, आणि जरा जास्तच वेळ धुवायची. टॉवेल त्यासाठी. आता हे सगळं चांगलंच आहे, पण पाटीवर लिहिता येत नाही. आणि तो सांगणार नाही. आणि न सांगता कळायला गिऱ्हाईक काय त्याच्यासारखं नसतंय.

तर झालं असं की जागेच्या मालकानं येऊन सांगितलं. इथं औषधाचं दुकान काढायला एकजण तयार आहे. दहा तारखेपर्यंत बाकडी भरलेली दिसली तर तू राहा, नाहीतर जागा मोकळी कर. मालक वाईट नव्हता. रोज समोरनं जायचा आणि रिकामी बाकडी बघायचा.

मी त्याला 'घ्या की' शिकवत बसलो त्या दिवशी तीन तारीख होती.

आणि त्याच्या चार दिवस आधी मी स्टेशनावरनं एक गाव आणलं होतं. गावच म्हणायचं. जत तालुक्यातली धनगर मंडळी, दोन फेऱ्या माराव्या लागल्या. त्यांचे बिरू आबा दवाखान्यात. गावातला मोठा माणूस, पोटाचं ऑपरेशन. बायको म्हाकूबाई, ल्योक मायाप्पा, सून, पुतणे, आणि सगळ्यांचा कारभार बघायला दादू मेंबर. ग्रामपंचायतीत मेंबर होता तो कधीतरी, तेच नाव पडलं. तीन दिवस समोरच्या खानावळीत जेवली आणि वैतागली. मी मेंबरला धरलं. म्हणलं, एकदा माझ्या दोस्ताकडं जेवा, पसंत पडलं तर बोला.

मेंबर म्हणाला, "पसंत पडलं तर पंधरा दिस आम्ही हितंच. आणि गाव बघायला येणार आबाला, रोज धा माणसं येणार. एकदा गावाच्या तोंडात बसलं की शेजारची गावं बी तुझ्याच दोस्ताकडं."

खानावळीची जाहिरात ती हीच. एक गाव घरी जाऊन सांगतं, तिथं जेवा. बाकी पाट्याबिट्या काही खरं नाही. म्हणून मी सकाळपासनं महालिंगाला घेऊन बसलो होतो. आमटीची काळजी नव्हती. काळजी होती ती 'घ्या की'ची.

"आणि आज गोड पायजे," मी म्हणलं. "वैनी, शिरा करा."

"दवाखान्याच्या माणसांना गोड कशाला?" महालिंग म्हणाला.

"काल डॉक्टरनं आबाची नळी काढली. उद्या भाईरच्या खोलीत आणणार हायत. मेंबर पेढं आणू काय म्हणत हुता. आणि म्हातारीला दात न्हाईत, ती भाकरी काय खाणार?"

ते त्याला पटलं. म्हातारीचं ऐकल्यावर पटलं. चार दिवस झाले, ती चहावर होती. आबा जेवल्याबिगर मी जेवत न्हाई म्हणून बसलेली.

मग मी बाकडी फिरवली. भिंतीकडची तोंडं आत केली, समोरासमोर, पंगतीसारखी. महालिंग नको नको म्हणत होता. मी म्हणलं, हा तुझा पहिला नको, आणि ओढली बाकडी.

साडेबाराला मंडळी आली. पुढं मेंबर, पटका बांधलेला. मधे म्हाकूबाई, सुनेच्या हाताला धरून. सुरकुतलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागनं पुतणे आणि बाकीचे. अकरा माणसं मोजली मी. मायाप्पा तेवढा नव्हता, तो आबापाशी थांबला होता, मागनं येतो म्हणाला होता.

मी रिक्षा दारातच लावली आणि तिथंच बसून आत बघत राहिलो. मास्तर पोराची परीक्षा बघतो तसं.

पहिली फेरी. महालिंग आमटी घेऊन निघाला. मेंबरच्या वाटीत घातली, मेंबर म्हणाला, "बास बास, नको."

पळी मागं.

मी रिक्षातनं खाकरलो. त्यानं बघितलं माझ्याकडं, आणि पुढच्या माणसाकडं गेला. पुढचा म्हणाला, "नको." पळी मागं. त्याच्या पुढचा नको म्हणायच्या आधीच हा सरकला. म्हाकूबाईच्या ताटात वैनीनं शिरा घालून ठेवला होता, पसाभर. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ताटाच्या कडेला बोट फिरवत होती.

मेंबरनं शेजारच्याला काहीतरी म्हणलं आणि दोघं हसली. तसलं हसू मी ओळखतो. मी मनात म्हणलं, गेलं. मिळेल म्हणून लिहिलंय, आणि मिळालं नाही.

तेवढ्यात मायाप्पा आला.

दवाखान्याच्या फाटकातनं आला, रस्ता ओलांडला, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते तरी बघितलं नाही. तिशीचं पोरगं, उंचपुरं. माझ्यापाशी थांबला नाही. बाजूच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि तोंड धुवायला लागला. महालिंगानं आतनं बघितलं. बादली ठेवली, बाहेर आला, टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. दोघं काहीतरी बोलले. मायाप्पाच बोलला, महालिंग ऐकत होता. दोन मिनिटं, जास्त नाही. मला वाटलं, उद्याचं जेवण सांगतोय.

मग मायाप्पानं टॉवेल परत दिला आणि येऊन माझ्या रिक्षात मागं बसला.

"काय रं, कसं हायत आबा?" मी विचारलं.

"निवांत हायत आता."

"तू जा की जेवायला. आमटी गार हुतीय."

"त्यांचं होऊ दे."

मी म्हणलं, शहाणं पोरगं. मोठ्यांचं झाल्यावर जेवणारं.

महालिंग अजून टाकीपाशीच उभा होता, तो टॉवेल घेऊन. मग त्यानं टॉवेल खुंटीला लावला, खुंटीवरनं पडला, परत लावला, आणि आत गेला. आणि आत गेलेला महालिंग दुसराच होता, बघा.

"मेंबर," तो म्हणाला, आणि मला रस्त्यावर ऐकू आलं. "असं चालायचं न्हाई. जतची माणसं अशी जेवत्यात व्हय?"

मेंबर दचकला. "पोट भरलं की."

"कुठं भरलंय. अगं, दोन भाकरी आण गरम. मेंबर, वाटी सरळ धरा."

"नको रं."

"एक. माझ्यासाठी एक."

"नको म्हणतोय न्हवं..."

घातलीच त्यानं. मेंबर हसला, आणि खायला लागला. महालिंग पुढं सरकला. एकेका माणसापाशी थांबत होता, नाव विचारत होता, गाव किती लांब, मेंढरं किती. ज्याला महिन्यातनं दोनदा बोलताना ऐकलं असंल तो मनुष्य पंगतीतनं नाचत चालला होता. "घ्या की पावणं, गाव लांब हाय, पोटाला आधार पायजे."

"आज कुठं जातोय आम्ही?" एक पुतण्या म्हणाला.

"कवातरी जाणारच की. घ्या."

वैनी तव्यावरची भाकरी सोडून त्याच्याकडं बघत राहिली, भाकरी करपली. मी मायाप्पाला म्हणलं, "बघतोस न्हवं? आज सकाळी शिकवलंय मी."  तो दोन्ही हात गुडघ्यात घालून बसला होता.

सुनेला दोन भाकऱ्या खायला लावल्या त्यानं. अंगावर पाजणारी होती, म्हणाला, ताई, तुमचं एकटीचं पोट न्हाई. ती लाजली, पण जेवली. एका पुतण्याला तिसऱ्यांदा आमटी घातली. आणि मग म्हाकूबाईच्या पुढं गेला आणि उकिडवा बसला. गिऱ्हाइकापुढं उकिडवा बसलेला खानावळवाला मी त्याच्या आधी बघितला नाही आणि नंतर पण नाही.

"आई, शिरा तसाच हाय."

"नको रं लेकरा."

"दात लागत न्हाईत त्याला."

"त्येंनी जेवलं की जेवीन मी."

त्यानं शिऱ्याचा घास उचलला. मग म्हणाला, "मग एकच घास. ल्हान पोराला भरवत्यात तसा. हा घास चिऊचा."

म्हातारीला हसू आलं. खरंच हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा, असं सून म्हणाली. तोंडावर पदर धरून हसली आणि घास घेतला. दात नाहीत, नुसता जिभेनं दाबला. सगळी पंगत बघत होती, मीच बाकडी समोरासमोर केली होती ना.

"आणि काऊचा कुठाय?" म्हातारीनं विचारलं.

 महालिंगाच्या हातात दुसरा घास तसाच. मला वाटलं, शिकवलेलं संपलं. मी रिक्षातनं ओठ हलवून सांगत होतो, म्हण की काऊचा, म्हण.

"काऊचा नको," तो म्हणाला. "हा बी चिऊचाच."

तिनं तो पण घेतला. मग स्वतःच्या हातानं खायला लागली. पसाभर शिरा संपला. त्यानं अजून वाढला. ती म्हणाली नको, वाढला. ती परत म्हणाली नको, थोडा वाढला. मग तिनं हात आडवा धरला ताटावर. हिरव्या बांगड्या ताटाला लागल्या. झालं, मी म्हणलं, हा खरा, आता थांब. महालिंगानं तिचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला आणि अजून एक पळी घातली.

"जरा जास्तच करतोय," मी मायाप्पाला म्हणलं. "नवीन हाय न."

म्हातारीनं ते पण खाल्लं. "लई दिसानं गोड लागलं," म्हणाली.

जेवणं झाली. हात धुतले, मेंबरनं तंबाखू काढली, ढेकर दिली. बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझा दोस्त न्यारा हाय. पंधरा दिस हितंच. सांग त्याला, उद्या सकाळच्याला गावाकडनं सात माणसं यायलीत."

मी आत बघितलं. महालिंग ताटं गोळा करत होता. मी हात वर करून दाखवला, जिंकलास. त्यानं बघितलं नाही.

मग मायाप्पा रिक्षातनं उतरला आणि दारात उभा राहिला.

"आये," म्हणाला. "चल."

"कुठं? तू जेव की आधी. शिरा केलाय त्यानं, बघ."

"चल, आये."

"कुठं पण?"

 तो दारातच उंबऱ्यावर खाली बसला, भला मोठा गडी. म्हाकूबाई उभी होती, ओल्या हातानं पदर धरून. ती रडली नाही, किंचाळली नाही. तिनं विचारलं, "कवा?"

"मघाशी."

"मघाशी म्हंजे कवा?"

 सून मोठ्यानं रडायला लागली. पुतणे धावत दवाखान्याकडं निघाले. मेंबरच्या हातात तंबाखू होती, ती चोळता चोळता तो थांबला. मायाप्पाकडं बघितलं, टाकीवरच्या टॉवेलाकडं बघितलं. मेंबर हुशार माणूस. मग महालिंगाकडं वळला.

"तुला ठावं हुतं?"

महालिंगाच्या हातात ताटांची चळत होती. त्यानं मायाप्पाकडं बघितलं. मायाप्पानं जमिनीकडं बघितलं.

"व्हय," महालिंग म्हणाला.

"ठावं असून शिरा वाढलास? मातीच्या आदी?"

महालिंगानं ताटं एका हातावर घेतली.

"अरे, तेराव्या दिवशी तोंड गोड करत्यात. तू धनी आत पडलेला असताना केलंस?"

मी रिक्षातनं उतरलो. "आवो मेंबर, तसं नसंल..." म्हणलं. पण कसं असंल ते मला कुठं ठाऊक होतं. महालिंगानं एका हातानं माझा दंड धरला. ताटं दुसऱ्या हातावर.

म्हाकूबाई टाकीपाशी गेली. चूळ भरली, थुंकली. परत भरली. बोट घालून जीभ घासली, परत चूळ. किती वेळ करत होती. सून धरायला गेली तर हात झिडकारला. मग पदरानं तोंड पुसलं आणि महालिंगापुढं येऊन उभी राहिली. त्याच्या छातीएवढी पण नव्हती.

"चिऊचा म्हणालास," ती म्हणाली. "माझ्या कुकवावर गोड वाढलंस की रं. चार पैशाच्या धंद्यापायी."

आणि गेली. मायाप्पा तिच्या मागनं गेला. जाताना त्यानं एकदा वळून बघितलं, बस.

गल्ली सगळी जमली होती. समोरचा बोंबलणारा सुद्धा गप्प होता.

तीन वाजता आम्ही दोघं मागं भांडी घासत होतो. मी कधी भांडी घासली नव्हती त्याच्याकडं, त्या दिवशी घासली. वैनी आत पडून होती.

"बोल आता," मी म्हणलं.

तो कढई घासत राहिला. मग म्हणाला, "मंडळी हिकडं निघाली आणि तिकडं आबा गेलं. पोरगं म्हणलं, कागदं हुईस्तवर, गाडी मिळून गावात जाईस्तवर सांज हुईल. मग माती. मग उद्यापातूर कुणी पाणी बी घेणार न्हाई. आई चार दिसाची उपाशी हाय, ती गाडीतच जाईल. तेवढं जेवू घाला, मग सांगतो. काय बी करून जेवू घाला, म्हणलं."

"आणि शिरा?"

"शिरा आधीच ताटात हुता. उचलला असता तर तिला कळलं असतं. आणि दुसरं काय खाणार हुती ती, दात न्हाईत."

"मग हे सांगायचं की मेंबरला. मायाप्पा समोर उभा हुता, त्यानं तरी सांगायचं."

"कसं सांगंल? आईसमोर?" महालिंग म्हणाला. "त्याला जलमभर त्या म्हातारीसंगं राह्यचंय, तातोबा. मला काय."

"तुला काय? दहा तारीख हाय तुला."

त्यानं कढई पालथी घातली.

"मी जातो," मी उठलो. "अजून गाडी गेली नसंल. मेंबरला बाजूला घेऊन सांगतो."

"नको."

"तुझं ऐकणार न्हाई मी."

"तातोबा, नको." त्याचे हात राखेनं भरलेले होते. त्यातला एक त्यानं माझ्यापुढं आडवा धरला.

मी खाली बसलो.

ते आठ दिवस मी सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाही. जत तालुक्याची माणसं आली की स्टेशनावरच विचारायची, ती शिऱ्याची खानावळ कुठली, तिथं नका सोडू. मड्यावर गोड वाढणारा, असं नाव पडलं. गावाच्या तोंडात बसलं की शेजारच्या गावात जातं, म्हणाला होता ना मेंबर. तसंच गेलं. माझ्या तोंडाला मिरज घाबरायची, आणि मी तोंड शिवून रिक्षात बसायचो. कोण काय म्हणालं की हँडल फिरवायचो.

बाकडी महालिंगानं परत भिंतीकडं केली होती. बसायला कोणी नव्हतं.

दहा तारखेला त्यानं पाटी स्वतः काढली. वैनीनं पोळपाट, तवा, पोत्यात भरला. मी स्टेशनावर सोडलं. तिचा भाऊ कागवाडकडं होता, तिकडं गेली दोघं. महिन्याभरानं मायाप्पा आला, डोकं भादरलेलं, केस बारीक उगवलेले, खांद्यावर ज्वारीचं पोतं. औषधाच्या दुकानापुढं उभा राहून इकडंतिकडं बघत होता. मला विचारलं, ते कुठं गेलं? मी म्हणलं, ठाऊक नाही. ठाऊक होतं. पोतं घेऊन तो तसाच परत गेला.

गेल्या वैशाखात कागवाडजवळ एका लग्नाला गेलो होतो, साडूच्या पोरीच्या. मंगल कार्यालय मोठं. आमटी तोंडात घातली आणि हातातली भाकरी तशीच राहिली. उठलो, पंगत मोडून मागं गेलो. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधे चुलाण, आणि चुलाणापुढं महालिंग. केस पांढरे झालेले, अंग उतरलेलं.

"आलास?" एवढंच म्हणाला.

वैनी दोन वर्षांमागं गेली म्हणाला. हा आचारी म्हणून इथंच. पुढं पंगतीत जातोस का विचारलं, तर मान हलवली. वाढायला पोरं हायत म्हणाला.

"म्हाकूबाई गेली," मी म्हणलं. "ह्याच शिमग्याला. मेंबर भेटला हुता स्टेशनावर, त्यानं सांगितलं. आता सांगू का रं त्याला खरं?"

तो जाळ सारखा करत होता.

"गेली तवा पोटात काय हुतं का तिच्या?" त्यानं विचारलं.

"मी न्हाई विचारलं."

त्यानं मान हलवली. मग एक ताट घेतलं, धुतलेलंच होतं तरी पुसलं, भाकरी ठेवली, वाटी ठेवली, आणि आमटीची पळी भरून माझ्यापुढं धरली. मी अर्ध्या पोटानं उठून आलो होतो. पण चाळीस वर्षांची सवय, तोंडातनं निघून गेलं.

"नको नको, बास."

त्यानं पळी तशीच मागं घेतली, पातेल्यात ओतली, आणि झाकण ठेवलं.